धोंड्याच्या महिन्यातला धबधबा

आमच्या घरात सहल हा शब्द फक्त शाळेच्या चिठ्ठीपुरता. मुलांच्या शाळेतून चिठ्ठी यायची, पैसे भरायचे, मुले वेरूळ पाहून यायची. मोठ्या माणसांनी घराबाहेर पडायचे ते लग्नाला, मयताला, बाजाराला आणि वर्षातून एकदा देवाला. शेतकऱ्याच्या घरातली सगळी माणसे मिळून एक दिवस नुसते पाणी बघायला गेली, असे मला कोणी सांगितले असते तर मी म्हटले असते, त्यांच्या दावणीला गुरे नसतील.

पण २०२३ साली आम्ही गेलो. ते घडले ते धोंड्याच्या महिन्यामुळे.

त्या वर्षी श्रावण अधिक होता. अधिक श्रावण तब्बल एकोणीस वर्षांनी आला होता, आणि आमच्या थोरलीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. जावयाला बोलवायचे, तेहतीस धोंडे करायचे, कपडे करायचे, दोघांना पाटावर बसवून ओवाळायचे. लेकीच्या आईला हा महिना किती धावपळीचा असतो ते वाचक भगिनींना सांगायला नको. आमचे जावईबापू नाशिकला सातपूरच्या कारखान्यात कामाला आहेत. मनाने चांगले, बोलके. जेवण झाल्यावर सुपारी कातरता कातरता ते म्हणाले, "आई, तुम्ही सगळे इतकी वर्षे नाशिक जिल्ह्यात राहता, पण दुगारवाडीचा धबधबा कुणी पाहिलाय का?"

कुणीच पाहिला नव्हता. सोमेश्वरचा माहीत होता, भंडारदऱ्याचा रंधा ऐकून माहीत होता. दुगारवाडी हे नावच नवीन.

"त्र्यंबकच्या पुढं, जव्हारच्या रस्त्याला. सापगावच्या अंगाला. उद्या सुट्टी आहे, जाऊन येऊ सगळे."

आमचे हे लगेच म्हणाले, "चाळीत कांदा आहे, गुरं आहेत, सोयाबीन खुरपायचं राहिलंय." पण तेवढ्यात आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, कोपऱ्यातून बोलल्या, "मला न्या."

आत्याबाईंनी काही मागितले असे मी माझ्या पंचवीस वर्षांच्या संसारात फार वेळा पाहिले नाही. त्यामुळे ह्यांचेही तोंड बंद झाले. भाऊजींची जीप ठरली. शेजारच्या वहिनींनी दोन्ही वेळची धार काढायचे कबूल केले.

आता आत्याबाईंना धबधब्याची एवढी ओढ का, हे समजायला आमचे गाव माहीत पाहिजे. आम्ही सिन्नर तालुक्याच्या पूर्व अंगाला, वावीच्या बाजूला राहतो. नाशिक जिल्हा म्हटला की परक्या माणसाला द्राक्षे आठवतात, धरणे आठवतात. आमच्या बाजूला येऊन पाहा म्हणावे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात आणि घाटमाथ्यावरच मोकळे होतात. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या आमच्या शिवारात पाचशेच्या घरात पडला तरी आम्ही त्याला चांगले वर्ष म्हणतो. आमच्या ओढ्याला वर्षातून दोनदा पाणी येते, एरवी त्यातून बैलगाडी जाते.

आत्याबाई ह्या घरात आल्या आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. हातावरची मेंदी गेली तशी त्या खडी फोडायच्या कामावर गेल्या. मिलोची लाल भाकरी खाल्ली, सुकडी खाल्ली. दिवसाला दोन खेपा, एकेक खेप दीड कोसाची, अशी पाण्याची मोजणी त्या अजून करतात. घरात मोटार आली, नळ आला, तरी भांडी विसळलेले पाणी त्या टाकू देत नाहीत, तुळशीला नाहीतर गुरांच्या आंबोणात जाते. अशा बाईला कुणी सांगितले की एके ठिकाणी पाणी आभाळातून पडल्यासारखे रात्रंदिवस पडते आणि कुणी भरून घेत नाही, तर तिला ते बघावेसे वाटणारच.

पहाटे चारला उठून मी दशम्या केल्या. शेंगदाण्याची चटणी, ठेचा, आदल्या दिवशीचे धोंडे, दहा-बारा कांदे. डेअरीला दूध घालून सहाला निघालो. जीपमध्ये आम्ही आठ जण: आम्ही दोघे, आत्याबाई, भाऊजी आणि जाऊबाई, थोरली, जावईबापू आणि आमचा धाकटा, तेव्हा दहावीत होता.

सिन्नर सोडले, नाशिक सोडले, तोवर आभाळ नुसते भरलेले होते. त्र्यंबकचा रस्ता लागला आणि अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला आला तसा पाऊस लागला. तो काही आमच्यासारखा पाऊस नव्हे. आमच्याकडे पाऊस येतो तो पाव्हण्यासारखा, सगळे दारात जाऊन बघतात. इथे तो घरच्यासारखा पडत होता आणि कुणी मान वर करून बघत नव्हते. खाचरात गुडघाभर चिखलात बाया भाताची आवणी करत होत्या. पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, आणि एखाद्या म्हातारीच्या पाठीवर जुने पानांचे इरले. ह्यांनी जीप थांबवायला लावली आणि पाच मिनिटे नुसते ते पाणी बघितले. बांधावरून एका खाचरातले पाणी दुसऱ्यात, दुसऱ्यातले तिसऱ्यात. "आपल्या सोयाबीनला यातलं एक खाचर मिळालं असतं," एवढेच म्हणाले.

त्र्यंबकला अधिक महिन्याची गर्दी. दर्शनाची रांग बघून आत्याबाईंनीच बाहेरून कळसाला हात जोडले आणि म्हणाल्या, "देव काही कुठं जात नाही. चला." धबधब्याला जायचे म्हणून देवाची रांग सोडणारी सासू मी पहिल्यांदाच बघितली.

ब्रह्मगिरीकडे बोट करून भाऊजींनी धाकट्याला समजावले ते मलाही नवीन होते. ह्या डोंगराच्या पूर्वेला पडलेला थेंब गोदावरीत जातो आणि चौदाशे पासष्ट किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळतो. तोच थेंब वाऱ्याने चार हात पश्चिमेला पडला तर वैतरणेसारख्या नदीतून अरबी समुद्राकडे जातो. मुंबईच्या नळाला जे पाणी येते, त्यातले कितीतरी ह्याच वैतरणेच्या धरणांचे. हे पश्चिमेचे पाणी वळवून आमच्याकडे आणायचे, आमच्या देवनदीपर्यंत पोचवायचे, अशी योजना कागदावर आहे. तिच्यावर निवडणुकीच्या सभांतून बोललेले आम्ही पुष्कळ ऐकले आहे. आत्याबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "मग आणत का नाहीत?" त्यावर जीपमध्ये कुणापाशी उत्तर नव्हते.

जव्हारच्या रस्त्याला लागून काही वेळाने आम्ही आत वळलो, जीप उभी केली आणि पायी निघालो. वाट शेताशेतातून, मग झाडीतून. चिखल असा की जाऊबाईंची एक चप्पल त्याने ठेवूनच घेतली. आत्याबाई काठी टेकत, थोरलीचा हात धरून चालल्या. धबधबा दिसायच्या कितीतरी आधी ऐकू आला. धाकट्याला वाटले, मळणीयंत्र चालू आहे कुठेतरी.

मग दरी उघडली आणि समोर पाणी.

त्याचे वर्णन मला नीट करता यायचे नाही. काळ्या पाषाणाचा उभा कडा, दोन्ही बाजूंनी हिरवी गर्द झाडी, आणि मधून पांढरे पाणी एकसारखे खाली. मध्येच वारा फिरायचा आणि त्याचे नुसते धुके व्हायचे, मग पुन्हा धार. जाऊबाईंनी आपोआप पदर डोक्यावर घेतला. आत्याबाई दगडावर बसल्या त्या बसल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग मला जवळ बोलावून विचारले, "रात्रीसुद्धा पडतं का गं हे?"

"हो आत्याबाई."

"बंद करत नाहीत?"

मला हसू आले, पण त्यांच्याकडे बघून मी हसले नाही.

वाटेत एक ओढा आडवा होता. त्याच्या अलीकडच्या अंगाला सपाट जागा बघून आम्ही जेवायला बसलो. पावसाने थोडी उघडीप दिली होती. ओढ्याचे पाणी नितळ होते, पोटरीइतके, दगडांवर पाय देत पलीकडे जाता येत होते. पलीकडून थोडे पुढे गेले की धबधबा जवळून दिसतो, असे जावईबापूंचे म्हणणे. दशम्या, चटणी, कांदा असे झकास जेवण झाले. पाण्याच्या आवाजात दोन घास जास्तच गेले.

जेवण होता होता एक म्हातारीशी बाई चार शेळ्या घेऊन तिथे आली. वय आत्याबाईंच्याच जोडीचे. अंगावर खताच्या गोणीची खोळ. आत्याबाईंनी तिला बोलावून धोंडे दिले, ती शेजारी टेकली आणि दोघींचे सुरू झाले. कुठल्या, कितीजणी, लेक कुठे दिली. बायकांच्या ओळखीला दुसरे काय लागते?

आता जे सांगायचे आहे ते सांगायला मला अजूनही जड जाते.

जावईबापू उठले आणि म्हणाले, "मी आणि हा पलीकडून जरा जाऊन येतो. दहा मिनिटं." हा म्हणजे आमचा धाकटा, तो आधीच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तयार. थोरलीने माझ्याकडे बघितले. तिला नको होते ते मला दिसत होते. मलाही नको होते. आदल्या वर्षी, २०२२ च्या ऑगस्टमध्ये, ह्याच दुगारवाडीला पाणी एकाएकी वाढून वीसपेक्षा जास्त माणसे पलीकडे अडकली होती, एक जण वाहून गेला, बाकीच्यांना रात्री दोर लावून काढले. ही बातमी मी स्वतः वाचली होती. सकाळी निघतानाही ती माझ्या मनात होती. पण धोंड्याच्या महिन्यातला जावई. कालच पाय धुतलेले, ओवाळलेले. त्याला सासूने चारचौघांत "जाऊ नका" कसे म्हणायचे? मी ह्यांच्याकडे बघितले, ह्यांनी भाऊजींकडे, भाऊजींनी चुन्याच्या डबीकडे. आणि दोघे पलीकडे गेले.

पाचेक मिनिटे झाली असतील. आमच्यावर पाऊस नव्हताच. शेळ्यांची बाई बोलता बोलता थांबली आणि मान वळवून वरच्या डोंगराकडे बघू लागली. तिकडे काळे झाले होते.

"वरल्या अंगाला पडतोय," ती म्हणाली.

आत्याबाई मात्र डोंगराकडे बघत नव्हत्या, ओढ्याकडे बघत होत्या. जेवायला बसल्यापासून त्यांनी पाण्यातला एक दगड धरून ठेवला होता, हे त्यांनी नंतर सांगितले. ज्या गावात वर्षातून दोनदाच ओढा येतो तिथल्या माणसाला तो कसा येतो ते चांगले ठाऊक असते. "सूनबाई," त्या म्हणाल्या, "तो दगड कुठं गेला?"

मी बघितले. दगड नव्हता. पाणी वाढल्यासारखे वाटत नव्हते, पण त्याचा रंग फिरला होता. मघाचे नितळ पाणी चहासारखे झाले होते आणि त्यावरून काटक्या, पाने, फेस येत होता. आवाजही बदलला. मघाशी खळखळ होती, आता खालून दगड गडगडल्यासारखी घरघर येऊ लागली.

आम्ही सगळे ओरडलो. धबधब्याच्या आवाजात आमचा आवाज कुठे जाणार? मोबाईलला रेंज नाही. तेव्हा ती शेळ्यांची बाई उठली, तिने तोंडाला हात लावले आणि असा कुकारा घातला की अंगावर काटा आला. एकदा, दोनदा, तीनदा. त्या डोंगरात माणसे एकमेकांना बोलवायला हीच हाक वापरतात. साधी हाक विरते, कुकारा चिरत जातो. पलीकडे झाडीतून दोघांची डोकी दिसली. धाकटा हात हलवून हसत होता. त्याला वाटले आम्ही गंमत करतो आहोत.

आणि मग आत्याबाई उभ्या राहिल्या, काठी उगारली आणि जावयाला त्यांनी जी शिवी दिली ती इथे छापण्यासारखी नाही. शब्द पोचले नसतील, पण काठी पोचली. दोघे पळत काठाशी आले. तोवर पाणी मांडीला लागत होते. शेळ्यांच्या बाईने खालच्या बाजूला थोडी रुंद जागा दाखवली. तिथे पाणी पसरते, ओढ कमी असते. भाऊजी आणि हे शेळीची दावी, आत्याबाईंची काठी, जाऊबाईंचे लुगडे जे मिळेल ते घेऊन तिथे उतरले. जावईबापूंनी धाकट्याला वरच्या अंगाने घट्ट धरून आणले. मध्यावर एकदा धाकट्याचा पाय सुटला. मला दिसले ते इतकेच की जावईबापूंनी त्याच्या सदऱ्याची कॉलर सोडली नाही.

अलीकडे आले तेव्हा दोघांचेही दात वाजत होते. पंधरा-वीस मिनिटांत आम्ही जेवायला बसलो होतो तिथे पाणी होते. माझा दशम्यांचा डबा त्यात गेला.

कुणी कुणाला बोलले नाही. जावईबापू आत्याबाईंच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आजी, चुकलो." आत्याबाई म्हणाल्या, "तू चुकला नाहीस. तुला काल ओवाळलं ते आम्ही चुकलो." ह्यावर शेळ्यांची बाई मोठ्याने हसली, मग थोरली हसली आणि मग रडायला लागली. मला स्वतःला रडू आले ते रात्री घरी गेल्यावर, चुलीपुढे. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला असता तर हे टळले असते, आणि तो मी मानपानापायी गिळला होता.

त्या बाईने आम्हाला तिच्या पाड्यावर नेले. कुडाचे घर, शेणाने सारवलेले, आत ऊब. तिच्या सुनेने कोरा चहा दिला आणि धाकट्याला अंगावर घ्यायला गोधडी. टोपलीत करटुली होती, ती आत्याबाईंच्या पदरात घातली. घराबाहेर वळचणीला हंडे-पातेली मांडलेली, पागोळ्यांनी भरून वाहत होती. आत्याबाई ते बघून म्हणाल्या, "बाई, तुम्ही सुखी. पाण्याचं तोंड बघावं लागत नाही."

ती बाई पुन्हा हसली, पण मघासारखे नाही. म्हणाली, "चैतात या. मग दाखवते."

आत्याबाईंना ते खरे वाटेना. एवढा पाऊस, एवढे पाणी, आणि उन्हाळ्यात प्यायला नाही? ती म्हणाली, सगळा दगड आहे, वर वीतभर माती. पडले की गेले. दिवाळीपर्यंत ओढा, मग डबकी, होळीनंतर खालच्या दरीतली विहीर, ती आटली की झरा. वाटीवाटीने भरायचे. भाऊजी म्हणाले, ह्याच तालुक्यात हरसूलच्या अंगाला शेंद्रीपाड्याच्या बाया तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून डोक्यावर हंडा घेऊन जायच्या, त्याचे फोटो वर्तमानपत्रात आले होते. २०२२ साली त्यांना लोखंडी पूल मिळाला आणि त्याच पावसाळ्यात तो पुराने नेला.

परत येताना जीपमध्ये शांत होते. अंजनेरी मागे पडली आणि पाऊस थांबला. सिन्नरच्या पुढे रस्त्यावर धूळ होती. आत्याबाईंनी ह्यांना एकच विचारले, "ते पाणी आपल्याकडं आणायची योजना आहे म्हणालास, त्यात ह्या बाईच्या पाड्याला किती आहे?" हे म्हणाले, "विचारायला पाहिजे."

पुढचे ते साल शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला. देशात एवढा कोरडा ऑगस्ट शंभर वर्षांत झाला नव्हता. त्याच महिन्यात कांद्यावर चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस राज्यातले चाळीस तालुके दुष्काळी जाहीर झाले, त्यात आमचे सिन्नर होते. आमचे सोयाबीन हातभर वाढून वाळले. चाळीतला कांदा काही विकला, काही सडला.

पाडवा झाला, २०२४ चा. उन्हाळ कांदा निघाला, भाव नव्हताच. एके दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "चैत आला की."

मी विसरले होते. त्या विसरल्या नव्हत्या. जावईबापूंना निरोप गेला, ते स्वतः जीप घेऊन आले. ह्या वेळी दोन गोण्या कांदा बरोबर घेतला, बाजारात नेऊन तरी काय मिळणार होते?

दुगारवाडीला आम्ही गेलो तेव्हा दुपारचे अकरा वाजले असतील. कडा तसाच होता. काळा, कोरडा, वरून खाली पांढरट पट्टे, जिथून पाणी पडते तिथे. आवाज फक्त पाखरांचा. ओढ्यात धाकटा उतरला आणि ह्या दगडावरून त्या दगडावर उड्या मारत पलीकडे जाऊन परत आला. त्या दिवशी ज्याने त्याला जवळजवळ नेले होते, त्याच्या तळाशी एका खळग्यात हिरवे पाणी होते, त्यात शेळ्या तोंड घालत होत्या. मध्येच एक दगड दाखवून आत्याबाई म्हणाल्या, "हाच तो. मी ओळखते." तो माझ्या कमरेइतका उंच होता.

बाई घरी नव्हती. सून म्हणाली, झऱ्यावर गेली. पाड्यावर नळाचा खांब होता, त्याला शेळीचे करडू बांधलेले. आम्ही झऱ्याकडे निघालो. उतार असा की मलाच भीती वाटली, पण आत्याबाई ऐकेनात. जावईबापूंनी त्यांना एका हाताने धरले. ह्या वेळी ते चारदा म्हणाले, "आजी, नको जायला." माणूस शिकतो, बरं का.

खाली दगडाच्या बेचक्यात हात-दीड हात खळगा. त्यात बोटभर धारेने पाणी साचत होते. सहा-सात बाया बसलेल्या, हंडे रांगेत. आमची बाई तिसऱ्या नंबरावर. आम्हाला बघून उठली, पण जागा सोडून पुढे आली नाही. नंबर गेला असता. तिथूनच म्हणाली, "आलात? बघा."

आत्याबाई तिच्याशेजारी जाऊन बसल्या. सगळ्या बाया त्यांच्याकडे बघू लागल्या. कांद्याचे कळल्यावर त्यांनी भाव विचारला. आत्याबाईंनी सांगितला तेव्हा त्याही चुकचुकल्या. आमच्या बाईचा नंबर आला तेव्हा आत्याबाईंनी तिच्या हातातली वाटी घेतली आणि स्वतः हंडा भरायला लागल्या. त्यांचा हात विसरला नव्हता. वाटी तळाला न टेकवता, गाळ न उठवता, वरचे वर पाणी उचलायचे, ते मला अजून जमत नाही. हंडा भरायला अर्धा तास लागला. तेवढ्या वेळात दोघी फारसे बोलल्या नाहीत.

हंडा जावईबापूंनी खांद्यावर घेतला. चढावर बाईने दोनदा सांगितले, "पावनं, हलवू नका." घरी आल्यावर तिने आधी तांब्या भरून आत्याबाईंपुढे धरला. उन्हाने त्यांचे तोंड वाळले होते. त्यांनी ओठ न लावता वरून चार घोट घेतले, पदराने तोंड पुसले आणि तांब्यात उरलेले पाणी परत हंड्यात ओतले.